सचिव झालात? आधी कपाटाच्या चाव्या मागा

आमच्या डोंबिवलीत सोसायटीचा सचिव निवडून येत नाही, सापडतो. वार्षिक सभेत "सचिव कोण होणार?" हा विषय निघाला की सगळे माना खाली घालतात. एखादा चुकून वर बघतो आणि टाळ्या पडतात. माझ्या बाबतीत मी बँकेच्या बॅक ऑफिसातून निवृत्त झालेली, एवढं भांडवल पुरलं. "काकूंना हिशेब येतो" म्हणून चोवीस फ्लॅटचं दप्तर माझ्याकडे आलं. आता शेजारच्या बिल्डिंगांतले नवे सचिव विचारायला येतात, त्यांना जे सांगते ते इथे सलग लिहिते आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थांसाठी हे आहे. तुमची बिल्डिंग अपार्टमेंट ॲक्टखाली, म्हणजे १९७०च्या कायद्याने चालत असेल तर नियम वेगळे, तुमचं डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत त्या कायद्याखाली आणणारा नोंदलेला दस्त) आधी वाचा.

दप्तर लिहिताना मी एकच वाचक धरून चालते: ज्याला आपल्या बिल्डिंगबद्दल काडीचीही माहिती नाही आणि ज्याला फोन करून विचारायची सोय नाही. ऑडिटर, दहा वर्षांनंतरचा सचिव, गेलेल्या सभासदाचा परदेशातला मुलगा, वसुलीची सुनावणी घेणारे अधिकारी. "सगळ्यांना माहीतच आहे" असं म्हणून जे लिहायचं राहतं, नेमकं तेच पुढे कोणाला माहीत नसतं.

चार्ज घेताना

कलम १६० प्रमाणे नवा अध्यक्ष निवडला गेला की मावळत्या अध्यक्षांनी संस्थेची कागदपत्रं आणि मालमत्ता त्यांच्याकडे सोपवायची असते. कायद्यात नाव अध्यक्षांचं आहे, प्रत्यक्षात पिशव्या आधीच्या सचिवाच्या घरातून निघतात. पिशवी हातात पडली म्हणजे चार्ज मिळाला असं समजू नका. समोरासमोर बसून यादी करा, दोन प्रती काढा, दोघांच्या सह्या घ्या.

यादी कशी करायची ते सांगते, कारण "रजिस्टर्स – ९, फायली – २२" अशी यादी कामाची नाही. "मिनिट्स बुक, सर्वसाधारण सभा, खंड २, पानं १ ते १४८, पान ६१ व ६२ कोरी, शेवटचं लिहिलेलं पान ११७" असं लिहा. चेकबुकातला पुढचा कोरा चेक कितव्या नंबरचा, पावतीपुस्तकात शेवटची पावती कितवी, एफडीच्या पावत्या किती आणि प्रत्येकीची मुदत कधी संपते, कोऱ्या शेअर सर्टिफिकेटचे नंबर कुठून कुठपर्यंत. कोरी पानं मुद्दाम नोंदवायची. उद्या त्या पानांवर एखादा ठराव उगवला तर तो कोणाच्या काळात उगवला ते कळतं. आणि यादीत "असायला हवं पण मिळालं नाही" असा वेगळा रकाना हवाच. तो रकाना भरताना समोरच्याचा चेहरा उतरतो, पण तुमचं रक्षण तोच करतो.

कोणी दप्तर देतच नसेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे लेखी अर्ज करता येतो. गरज पडली तर दप्तर ताब्यात घ्यायचा अधिकार कलम ८० मध्ये आहे. ही पायरी अगदी शेवटची ठेवा. आधी माणसाला चहाला बोलवा. बहुतेकांनी कागद दडवलेले नसतात, माळ्यावर कुठे ठेवले तेच त्यांना आठवत नसतं.

आय आणि जे

कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात माझ्याकडे 'आय' नमुन्यातलं सभासद रजिस्टर असतं. या कायद्याखालच्या १९६१च्या नियमांप्रमाणे ते ठेवायचंच आहे. माणूस सभासद कधी झाला आणि सभासदत्व कधी संपलं, याचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून कायदा (कलम ३८) याच रजिस्टरकडे बघतो. प्रत्येक सभासदाला एक पान: नाव, पत्ता, व्यवसाय, प्रवेशाची तारीख, प्रवेश फी कधी भरली, शेअर किती, सर्टिफिकेट नंबर, नामनिर्देशित व्यक्ती कोण, आणि सभासदत्व संपलं असेल तर तारीख व कारण. फ्लॅट विकला गेला तरी जुन्या माणसाचं पान फाडायचं नाही आणि त्याच पानावर नव्याचं नाव घुसवायचंही नाही. जुनं पान बंद करा, "हस्तांतर, कमिटी सभा दिनांक अमुक, ठराव क्रमांक तमुक, पुढे पान ३१" असं लिहा आणि नव्यासाठी नवं पान उघडा.

'जे' नमुना म्हणजे सभासदांची साधी यादी. ती 'आय'वरून तयार होते, निवडणुकीच्या वेळी मतदार यादीसाठी तीच लागते. म्हणून 'आय' कच्चं असेल तर भांडण निवडणुकीच्या आठवड्यात निघतं.

शेअर सर्टिफिकेटबद्दल एक गोष्ट पोटतिडकीने सांगते: लॅमिनेट करू नका, सभासदांनाही करू देऊ नका. मागच्या बाजूला हस्तांतराचे रकाने असतात. तारीख, शेअर रजिस्टरचं पान, नव्या धारकाचं नाव, अध्यक्ष, सचिव आणि एका कमिटी सदस्याची सही. प्लास्टिकवर सही कुठे करणार? आमच्याकडे एका आजोबांनी सर्टिफिकेट लॅमिनेट करून देवघरात टांगलं होतं. फ्लॅट विकायची वेळ आली तेव्हा ते प्लास्टिक सोलायला निघाले, सर्टिफिकेटची मागची बाजू प्लास्टिकलाच चिकटून राहिली, आणि मग डुप्लिकेटची सगळी प्रक्रिया.

इतिवृत्त

सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचं (मिनिट्सचं) वेगळं पुस्तक, कमिटीचं वेगळं. दोन्हींची पानं आधीच क्रमांक घातलेली. कॉम्प्युटरवर टाइप करून चिकटवत असाल तर चिकटवलेला कागद आणि खालचं पान दोन्हींवर येईल अशी आडवी सही करा. व्हाइटनर कपाटात ठेवूच नका. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही.

आता हे वाचा. मी बघितलेल्या मिनिट्स बुकांत निम्म्याहून जास्त ठराव असेच असतात:

"गच्चीच्या गळतीबाबत चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करण्याचे सर्वानुमते ठरले."

योग्य ती म्हणजे कोणती? किती पैशांची? कोणत्या निधीतून? कोण करणार? या एका ओळीच्या जोरावर कोणी तीन लाखांचा चेक फाडला आणि ऑडिटरने आक्षेप घेतला, तर उत्तर द्यायला कागदावर काहीही नाही. तोच ठराव असा लिहा:

"ठराव क्र. ४. 'ब' विंगच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेल्या तीन कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता सभेपुढे ठेवला (परिशिष्ट २). दुसऱ्या क्रमांकाचे कोटेशन, रु. २,८५,००० अधिक जीएसटी, पाच वर्षांच्या हमीसह स्वीकारावे. खर्च दुरुस्ती व देखभाल निधीतून करावा. काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करून घेण्याची जबाबदारी कमिटीची. सूचक: फ्लॅट क्र. ७. अनुमोदक: फ्लॅट क्र. १५. बाजूने १४, विरोधात २, तटस्थ १. फ्लॅट क्र. २२ यांनी हमीची मुदत कमी असल्याचे मत नोंदवले. ठराव बहुमताने मंजूर."

मी इथे सूचक-अनुमोदक फ्लॅट नंबरने लिहिले, तुमच्या पुस्तकात पूर्ण नावं लिहा. "सर्वानुमते" हा शब्द खरोखर सर्वांचं मत असेल तेव्हाच. विरोध करणाऱ्याचं म्हणणं एका ओळीत का होईना लिहा. माणूस निम्मा तिथेच शांत होतो, आणि उद्या तक्रार गेली तर तुम्ही दडपलं नाही हे दिसतं. उलट, कोण कोणाला काय बोललं, कोणाच्या गाडीला कोणाचा कुत्रा काय करतो, हे लिहू नका. इतिवृत्त म्हणजे निर्णयांची नोंद आहे.

हजेरीचा कागद त्याच सभेच्या नोंदीला जोडा. आदर्श उपविधींप्रमाणे (संस्थेच्या नियमावलीचा सरकारी नमुना) सर्वसाधारण सभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतलं जे कमी असेल ते. चोवीस जणांत १६ हवेत. अर्ध्या तासात १६ जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि नोटिशीत आधीच लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी पुढच्या वेळेला भरवून गणपूर्तीशिवाय चालवता येते. आमच्याकडे दर वर्षी हेच होतं. पण तहकुबीची वेळ आणि पुन्हा सुरू झाल्याची वेळ दोन्ही इतिवृत्तात हव्यात. "१०.०० वाजता ११ सभासद हजर, १०.३० वाजता तहकूब, १०.४५ वाजता पुन्हा सुरू." वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, विशेष सभेची ५ दिवस आधी, ती कोणाला कधी दिली त्याच्या सह्यांचा कागदही जोडा. व्हॉट्सॲप ग्रुपवर निळ्या टिका दिसल्या, यावर मी तरी विसंबत नाही.

इतिवृत्ताचा मसुदा सभासदांना पाठवा, हरकती लेखी मागवा, मग कमिटीत कायम करा. लिहायचं मात्र त्याच आठवड्यात. दोन महिन्यांनी लिहिलेल्या इतिवृत्तात सभेत काय झालं त्यापेक्षा काय व्हायला हवं होतं तेच जास्त उतरतं.

हिशेब

रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (लेजर), सभासदवार खातं, मालमत्ता आणि डेडस्टॉकची (टिकाऊ वस्तूंची) नोंद, गुंतवणुकीचं रजिस्टर. हल्ली हे सगळं टॅलीत किंवा एखाद्या ॲपमध्ये असतं, त्याला माझी हरकत नाही. फक्त वर्षअखेरीला प्रत्येकाचा प्रिंट काढा, सह्या करा, बांधून ठेवा. ॲपचं वर्गणीचं नूतनीकरण एखाद्या कमिटीने थांबवलं की लॉगिन बंद होतं आणि मागच्या वर्षांचा हिशेब दिसेनासा होतो.

व्हाउचरवर मी तीन नंबर मागते: बिलाचा, चेकचा आणि ठरावाचा. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात, तेव्हा वॉचमन चिठ्ठी घेतो. त्या चिठ्ठीवर तारीख, वेळ, गाडीचा नंबर, टँकर दहा हजार लिटरचा की पाच, आणि वॉचमनची सही एवढं असेल तरच पैसे. चिठ्ठ्या मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावर असतील तर लगेच झेरॉक्स काढा, ऑडिटला नेईपर्यंत मूळ कागद पांढराफटक पडतो.

सभासदांच्या जमेत खरी डोकेदुखी यूपीआयची. "मेंटेनन्स" एवढंच लिहून पैसे येतात, पाठवणाऱ्याचं नाव जावयाचं. बँकेच्या पासबुकाशी दर महिन्याला ताळा करा, ओळख पटली नाही ती रक्कम सस्पेन्स नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवा, अंदाजाने कोणाच्या खात्यात जमा करू नका. थकबाकीवरचं व्याज उपविधींप्रमाणे जास्तीत जास्त द.सा.द.शे. २१, तेही सरळव्याज. खतावणीत व्याजावर व्याज चढलेलं सापडलं तर वसुलीच्या दाखल्यासाठी (कलम १५४ब-२९, पूर्वीचं १०१) उपनिबंधकांकडे गेल्यावर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार. त्या अर्जाला खात्याचा उतारा, बिलं, मागणीच्या नोटिसा आणि ठराव सगळं लागतं. आवक-जावक रजिस्टर चालू ठेवलं असेल तर नोटीस पाठवल्याची तारीख मिळते, नाहीतर नुसती शपथ घ्यायची वेळ येते.

सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के, ही दोन खाती खतावणीत वेगळी दिसली पाहिजेत. सगळं एकाच "मेंटेनन्स"मध्ये घातलेल्या सोसायट्या मी पाहिल्यात. गच्ची गळायला लागली की तेव्हा विचारतात, फंड कुठे आहे?

तारखा पाठ करा: वर्ष ३१ मार्चला संपतं, ऑडिट चार महिन्यांत म्हणजे ३१ जुलैपर्यंत, वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत, आणि कलम ७९ खालची विवरणपत्रंही त्याच तारखेपर्यंत. ऑडिटर सरकारच्या पॅनलवरचा, त्याची लेखी संमती घेऊन वार्षिक सभेतच नेमायचा आणि सभेपासून ३० दिवसांत निबंधकांना कळवायचं. ऑडिटरने दोष दाखवले तर 'ओ' नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. तो "योग्य ती दक्षता घेऊ" असं लिहून कोणी भरू नये. दोष, काय केलं, कधी केलं. बस.

एका फ्लॅटची एक फाइल

करारनाम्याची नोंदलेली प्रत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा उतारा), सभासदत्वाचा अर्ज, नामनिर्देशन, पार्किंगचं पत्र, भाड्याने दिला असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स आणि पोलिसांना दिलेली भाडेकरूची माहिती. कर्ज असेल तर बँकेचं बोजा नोंदवण्याचं पत्र फाइलच्या पहिल्या पानाला, लाल पेनने. एनओसी देण्याआधी ते पान उलटावंच लागेल अशा जागी.

नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत घ्या, कमिटीच्या पुढच्या सभेत ठेवा, इतिवृत्तात नोंद करा आणि सात दिवसांत नामनिर्देशन रजिस्टरमध्ये चढवा. एक प्रत पोच म्हणून सभासदाला परत. अर्ज घेऊन नुसता फाइलला लावला तर काम अर्धंच झालं. सभासद गेल्यावर नामनिर्देशित व्यक्तीला २०१९च्या दुरुस्तीनंतर तात्पुरतं सभासदत्व मिळतं, कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत. फ्लॅटची मालकी तेवढ्याने ठरत नाही, ती वारसांमध्ये ठरते. हे घरच्यांना दहाव्या-बाराव्याच्या सुमारास समजावून सांगावं लागतं, आणि त्या वेळी हातात नीट कागद असला की बोलणं सोपं जातं.

बिल्डिंगचे कागद

मंजूर नकाशे, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर उपविधींची शिक्क्याची प्रत. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत संस्थेच्या नावावर करणं, झालं नसेल तर हे आजच गोळा करायला लागा. बिल्डर करून देत नसेल तर १९६३च्या मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स) कायद्यात २००८च्या दुरुस्तीने डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरशिवाय ते करून घेण्याची, वाट आहे, आणि तिथे जिल्हा उपनिबंधकांपुढे सगळा खेळ कागदांचाच. प्रत्येक सभासदाचा करारनामा आणि इंडेक्स टू लागतो. एक फ्लॅट चार वेळा विकला गेला असेल तर चारही करारांची साखळी लागते, म्हणून जुन्या मालकाच्या प्रती परत देऊन टाकू नका.

स्ट्रक्चरल ऑडिटचे अहवाल जपा: उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, ३० वर्षांवरचीचं तीन वर्षांतून एकदा. अग्निशमन यंत्रणा असेल तर 'ब' नमुन्यातला दाखला जानेवारी आणि जुलैत. लिफ्टच्या तपासणीचे कागद. पुनर्विकास निघाला तर ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. ती फाइल कोणाच्या मोबाइलमध्ये ठेवू नका, दोन हार्ड डिस्कवर ठेवा.

कपाट तळमजल्यावर असेल तर खालचा कप्पा रिकामा सोडा. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण सांगायला नको. स्टेपलरच्या पिना पावसाळ्यात गंजून कागद खातात, पंच करून दोऱ्याचे टॅग लावा.

सभासद बघायला आले तर

कलम ३२ प्रमाणे सभासदाला कायदा, उपविधी, शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद, कमिटीची यादी, सभासद रजिस्टर, दोन्ही सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी फुकट बघता येतात. प्रती फी भरून. "स्वतःच्या" हा शब्द दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवा. शेजाऱ्याची थकबाकी किंवा त्याचा करारनामा दाखवायचा नाही. अर्ज लेखी घ्या, दिवस-वेळ द्या, कोणीतरी समोर बसा, काय बघितलं त्याची एक ओळ लिहून सही घ्या. टाळाटाळ करू नका. ज्याला पहिल्या अर्जाला कागद दिसतात तो सहसा दुसरा अर्ज करत नाही.

"आरटीआय टाकतो" अशी धमकी मिळेलच. सहकारी संस्था सरसकट माहिती अधिकारात येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २०१३मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं आहे. पण उपनिबंधक कार्यालय त्या कायद्याखाली येतं, आणि तुम्ही तिथे भरलेलं सगळं तिथून मागता येतं. तेव्हा तिथे एक आणि कपाटात दुसरं असं ठेवू नका.

शेवटचं काम कपाटाबाहेरचं. संस्थेचा ईमेल संस्थेच्या नावाने काढा, "काकू१९५८" अशा आयडीवर विजेची बिलं मागवू नका. पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर अध्यक्ष आणि खजिनदारांच्या सह्या. बँकेत सह्यांचे नमुने बदलायचा ठराव चार्ज घेतल्याच्याच सभेत करा, आणि बँकेला, वीज कंपनीला, महापालिकेच्या पाणी खात्याला दिलेला मोबाइल नंबर तपासा. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये जुने खजिनदार पुण्याला राहायला गेले आणि बरेच महिने ओटीपी तिकडे वाजत राहिला. इकडे वॉचमनचा पगार अडकलेला. संस्थेच्या नावाने एक सिम घ्या, साधा बटणांचा फोन घ्या, दोन्ही डेडस्टॉकमध्ये चढवा, आणि रिचार्ज महिन्याच्या खर्चात धरा.